उणे पन्नास टक्के पाणी, अधिक-उणे किती?

उन्हाळा लागला की सोलापुरात उजनी धरणाचा आकडा रोज कानावर पडतो. 'उणे तीस', 'उणे पन्नास'. बाहेरगावच्या पाहुण्याला पाणी उणे कसं होतं ते कळत नाही. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. उजनीचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळचं पाणी, ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७. उणे पन्नास म्हणजे धरणात अजून सुमारे ३७ टीएमसी पाणी आहे. यात अनिश्चित काहीच नाही, शून्य कुठं धरायचं एवढंच ठरवलेलं आहे. अनिश्चितता शिरते ती हा आकडा काढताना.

धरणात पाणी मोजत नाहीत, पातळी मोजतात. मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, पूर्ण भरल्यावर ४९६.८३. या ५.८० मीटरमध्ये अख्खा उपयुक्त साठा बसतो. म्हणजे सरासरीनं एका सेंटिमीटरला ०.०९ टीएमसी, सुमारे २६ लाख घनमीटर. वारा सुटला, लाटा उठल्या, की वाचन दोन सेंटिमीटर इकडंतिकडं होतं. आज जास्त, उद्या कमी. आठवड्याची सरासरी घेतली की ही चूक बरीचशी जिरते. दुसरी चूक जिरत नाही. पातळीवरून साठा काढण्याचा तक्ता तळाच्या मोजणीवर बेतलेला असतो. मोजणीनंतर गाळ बसला, तर तक्ता रोज, एकाच बाजूनं, असलेल्यापेक्षा जास्त पाणी दाखवतो. दर तासाला पातळी वाचली तरी फरक पडत नाही. तळ पुन्हा मोजावा लागतो. मोजमापशास्त्र पहिल्या चुकीला यादृच्छिक म्हणतं आणि दुसरीला पद्धतशीर. पहिलीवर सरासरी हा उतारा आहे, दुसरीवर अजिबात नाही.

हाच भेद ज्वारीच्या रानात बघण्यासारखा आहे. विम्यासाठी आणि उत्पादनाच्या अंदाजासाठी पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे शेतातला ठरावीक मापाचा तुकडा (प्लॉट) कापून दाणे तोलतात. शेत चिठ्ठीच्या पद्धतीनं ठरतं, शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलं आत जायचं तेही यादृच्छिक आकड्यांवरून. चांगलं पीक बघून खुंटी ठोकायची नाही, हे सगळ्यात आधी. समजा प्लॉट ५ बाय ५ मीटरचा आहे. चार खुंट्या, सुतळी, आणि काटकोन तपासायला कर्ण: तो ७.०७ मीटर यायला हवा. गंमत अशी की कर्ण चांगला फूटभर चुकला, तरी बाजू बरोबर असतील तर क्षेत्र अर्धा टक्काच घटतं. उलट सुतळी चारही बाजूंनी फक्त ५ सेंटिमीटर बाहेर सरकली, तर २५ चौरस मीटरचे २६.०१ होतात. चार टक्के जास्त! लोक कर्णावर हुज्जत घालतात आणि सुतळी सैल सोडतात.

त्याहून मोठी चूक ओळींची. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरलं, तर पाच मीटरमध्ये साधारण ११ ओळी बसतात. सुतळीवरची एक ओळ आत घेतली की उत्पादन ९ टक्क्यांनी फुगलं. ताटाचं बूड सुतळीच्या आत असेल तरच ताट आपलं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण सुतळीवर टपोरं कणीस आलं की हात आपोआप तिकडं जातो, पोचटाकडं जात नाही. म्हणून ही चूक नेहमी वरच्याच बाजूला होते. प्लॉट जितका लहान, तितकी कड जास्त: १ बाय १ मीटरच्या चौकटीत तीच ५ सेंटिमीटरची ढिलाई २१ टक्के वाढ दाखवते. लहान प्लॉटमुळे उत्पादन फुगतं हे १९४०च्या दशकात ठासून मांडणारे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

मग वजन. २५ चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा चारशेवा भाग. काट्यावरचे ५० ग्रॅम हेक्टरी २० किलो होतात. दाण्यात १२ टक्क्यांऐवजी १८ टक्के ओल असताना वजन केलं, तर आणखी ७ टक्के वाढ.

आता शेताशेतातला खरा फरक घ्या. हलकी आणि भारी जमीन शेजारीशेजारी असली की उत्पादन सरासरीच्या ३० टक्के वरखाली असू शकतं. तसं धरलं, तर चार प्लॉटच्या सरासरीत अनिश्चितता १५ टक्के, दहा प्लॉटना साडेनऊ, सोळांना साडेसात. ती वर्गमुळाच्या हिशेबानं उतरते. पंतप्रधान पीक विमा योजनेत ग्रामपंचायतीला किमान ४, महसूल मंडळाला १० आणि तालुक्याला १६ प्रयोग आहेत, ते या नजरेनं बघा. पण सुतळी सगळीकडं सारखीच सैल असेल, तर शंभर प्रयोगांनीही तिचे चार टक्के तसेच राहतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक चुका सरळ बेरजेत येत नाहीत. ३ आणि ४ टक्के मिळून ७ नाही, ५ होतात. एकतर्फी चुका मात्र थेट रचत जातात.

हवामानाच्या अंदाजात घोळ शब्दांचा असतो. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ पाऊस होण्याची शक्यता कमी असा नाही. त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर तो पडेल, असा आहे. एक गोष्ट पसाऱ्याची, दुसरी खात्रीची.

अर्थशास्त्रात 'अनिश्चितता' हा शब्द आणखी वेगळा. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांची फारकत केली. ज्याची शक्यता आकड्यात मांडता येते ती जोखीम, जिथं आकडाच लावता येत नाही ती अनिश्चितता. पूर्वीच्या नोंदी हाताशी असल्या की दुष्काळाला विम्याचा हप्ता लावता येतो. आज लावलेल्या डाळिंबाला फळ धरेल तेव्हा परदेशी बाजार काय नियम काढेल, याला कुठली नोंद लावणार?

आणि मग आकाश. जास्त पाऊस पडावा म्हणून ढगात कण सोडले, म्हणजे ढग पेरला, आणि पाऊस आला, तर न पेरता किती आला असता? तोच ढग दोनदा मिळत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतात यादृच्छिक वाटणीची युक्ती रुजवली: खत कुठल्या वाफ्याला, हे माणसानं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं. १९४८मध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत तीच युक्ती दवाखान्यात दिसली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात ती सोलापूरच्या ढगांवर वापरली. पर्जन्यछायेतला आपला जिल्हा त्यासाठी सोयीचा. सुमारे पावणेतीनशे ढग निवडले, काही पेरले, काही तसेच सोडले. पेरणी विमानातून, कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून, म्हणजे पाणी ओढणारे कण ढगात जावेत.

२०२३मध्ये निष्कर्ष आला: वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. काही ठिकाणी वाढ ४६ टक्के, तीही अधिक-उणे १३. मोठ्या क्षेत्राची सरासरी ठाम होत जाते, एका ठिकाणचा आकडा डगमगतच राहतो. शिवाय वाढ आहे ती असलेल्या पावसावर. दहा मिलिमीटर पडणारच होते तिथं १८ टक्क्यांनी १.८ मिलिमीटर जास्त मिळतात. आकाश निरभ्र असेल तर पेरायला ढगच नसतो.