असंसर्गजन्य आजारांचा प्रतिबंध (ग्रामीण महाराष्ट्र)

उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग आणि जुनाट श्वसनविकार यांना आरोग्य खात्याच्या भाषेत असंसर्गजन्य आजार म्हणतात. गावात मात्र ‘बीपी’ आणि ‘शुगर’ हे दोनच शब्द चालतात. हे आजार होऊ नयेत, झाले तर लवकर कळावेत आणि कळल्यावर आटोक्यात राहावेत यासाठी गावपातळीवर जे केले जाते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. आजार शोधण्याचे काम आता बऱ्यापैकी रुळले आहे. सापडलेल्या माणसाला वर्षानुवर्षे गोळीवर टिकवून ठेवणे त्याहून कितीतरी अवघड आहे.

गावात हे आजार का?

‘रानात राबणाऱ्याला कसली शुगर?’ हा समज अजून पक्का आहे. मधुमेहाचे प्रमाण मोजणाऱ्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत (२०११) महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघाताचा क्रमांक पहिला लागला. साधारण सात मृत्यूंमागे एक मृत्यू लकव्याचा होता.

याची एक मुळी गर्भापर्यंत जाते. पुण्याजवळच्या गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना असे दिसले की, इथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा (३.५ किलो) बरीच हलकी असतात. त्यांचे स्नायू कमी भरतात, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असते. असे ‘बारीक पण चरबीयुक्त’ मूल पुढे जरा वजनदार झाले की मधुमेहाकडे झुकते. म्हणून काटकुळ्या दिसणाऱ्या शेतकऱ्याचीही साखर तपासावी लागते आणि गरोदर बाईचा आहार हाही मधुमेह प्रतिबंधाचाच भाग ठरतो.

दुसरी मुळी कामाच्या बदलात आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि शेतावर जायला दुचाकी असते. पेरणी-काढणीचे काही आठवडे अंग मोडेपर्यंत काम आणि मधले महिने पारावर, असे वर्ष विभागले गेले आहे.

यंत्रणा

केंद्र सरकारचा यासंबंधीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. पुढे ३० वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करण्याचे धोरण आले. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले (२०२३ पासूनचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, बोलीत ‘सीएचओ’, नेमले गेले.

आशाताई घरोघरी जाऊन ‘सीबॅक’ नावाचा अर्ज भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याची शारीरिक हालचाल आणि आई-वडील-भावंडांतील आजार यांना गुण दिलेले असतात. बेरीज ४ च्या वर गेली की त्या व्यक्तीला आधी बोलवायचे. मात्र ४ किंवा कमी गुण म्हणजे तपासणी माफ, असा अर्थ काढणे चूक आहे. गुण फक्त रांगेतला क्रम ठरवतात. उपकेंद्रावर रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा पाहतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी दर ५ वर्षांनी होते.

कर्करोगाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे एक योगदान जगभर उद्धृत होते. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासूनची आहे.

मोजण्यातल्या चुका

निम्मा गोंधळ इथेच होतो. रक्तदाब मोजण्याआधी माणसाने ५ मिनिटे शांत बसलेले असावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर आधार देऊन ठेवलेला. अर्धा तास आधीपर्यंत चहा, तंबाखू, विडी नको. लघवी तुंबलेली नको. मोजताना बोलायचे नाही, पण आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी पिकाची चौकशी सुरू होते. दंडाला बांधायचा पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. १४०/९० किंवा अधिक आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करावी. १८०/११० च्या वर असेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे पाठवावे.

दिवाळीच्या किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरांत यातले काहीच होत नाही. उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या तीनशे लोकांचा दाब एका टेबलावर उरकला जातो आणि हातात चिठ्ठी पडते. अशा शिबिराचा उपयोग नावांची यादी उपकेंद्राला देण्यापुरताच धरावा.

साखरेची पट्टी उघड्या डबीत राहिली किंवा उन्हात तापली की बिघडते. बोटाला गुळाचा, उसाच्या रसाचा किंवा आंब्याचा अंश असेल तर आकडा फुगतो. म्हणून साबणाने हात धुऊन कोरडे करावेत आणि पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. उपकेंद्रावरच्या केव्हाही घेतलेल्या तपासणीत १४० किंवा अधिक मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तामागे) आले तर ते निदान नव्हे. ती पुढच्या तपासणीची सूचना आहे. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज घेतल्यावर २ तासांनी २०० आणि त्यावर, ही मधुमेहाची रेषा.

कंबरेचा घेर शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घेतात. नऊवारीच्या निऱ्यांवरून घेतला तर काही सेंटिमीटर वाढीव येतो. आशाताईने बाईला आत नेऊन मोजणेच बरे.

मीठ, साखर, तेल

आहाराचा सल्ला ‘कमी खा’ एवढाच दिला तर कोणी ऐकत नाही. किराण्याच्या हिशेबात सांगितला तर समजतो. मिठाची शिफारस माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. चार माणसांच्या घरात याचा अर्थ १ किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरली पाहिजे. लोणचे, पापड, फरसाण, बिस्किटे आणि कोकणात सुकट-बोंबील यांतून मीठ वेगळे जातेच, तेव्हा प्रत्यक्षात पिशवी याहूनही जास्त दिवस पुरायला हवी. बहुतेक घरांत ती महिनाभरात संपते हे लोक स्वतःच सांगतात.

तेलाची मात्रा माणशी २० ते ३० ग्रॅम धरली, तर चौघांना महिन्याला सुमारे ३ किलो पुरेसे होते. साखरेत खरा चोर चहा. प्रत्येक कपात दोन चमचे म्हणजे ८ ते १० ग्रॅम, आणि ‘चहा नको’ म्हणणे पाहुणचारात बसत नाही. दिवसाचे पाच कप झाले की ४०-५० ग्रॅम साखर इथेच संपते. गूळ वापरल्याने मधुमेह टळत नाही, रक्तात तोही साखरच वाढवतो. ज्वारी, बाजरी, नाचणी यांची भाकरी चांगली, पण तीन भाकरींबरोबर भाजी बोटभर असेल तर फायदा उरत नाही. ताटात निम्मी जागा भाजी-कोशिंबिरीला आणि पाव जागा डाळ-उसळीला, हे मोजमाप सोपे आहे.

जाता जाता सलाईनविषयी. अशक्तपणासाठी गावोगाव लावल्या जाणाऱ्या ०.९ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे जवळपास दिवसभराचे. रक्तदाबाच्या रुग्णाने ‘ताकदीची बाटली’ म्हणून ती घेऊ नये. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या-सुया वरचेवर घेतल्यानेही दाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होते.

तंबाखू आणि मिश्री

महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा खाण्याचा तंबाखू कितीतरी जास्त चालतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यात धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर सुपारी आणि तंबाखू वेगळ्या पुड्यांत मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

तपासणीतून निसटते ती मिश्री. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजून केलेली ही पूड बाया हिरड्यांना घासतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नावर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे आहे. ‘दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?’ असे विचारले की उत्तर मिळते. सोडताना पहिले तीन-चार दिवस डोके दुखणे, चिडचिड, शौचाला न होणे हे त्रास होतात. ते आधी सांगून ठेवले तर बाई पुन्हा डबीकडे वळण्याची शक्यता कमी.

तोंडाची घरगुती तपासणी अशी: स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दाखवावे.

हालचाल

आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही असा वेग. शेतीच्या हंगामात हे आपोआप होते. प्रश्न रिकाम्या महिन्यांचा आणि बायकांचा आहे. घरकामात दिवसभर उभ्या असलेल्या बाईला ‘व्यायाम करा’ म्हणणे चेष्टा वाटते, आणि एकटीने फिरायला जाणे अजून अनेक गावांत खपत नाही. बचत गटाच्या बाया मिळून निघाल्या तर कोणी बोलत नाही. ग्रामपंचायतीने बसवलेली ‘ओपन जिम’ची यंत्रे साडीत वापरता येत नाहीत आणि दोन पावसाळ्यांत गंजतात. त्याच पैशांत गावाबाहेरच्या रस्त्याची कड सपाट करून दिवे लावले तर अधिक लोक चालतील.

गोळी सुटते कुठे

रक्तदाबाला लक्षण नसते, त्यामुळे आकडा नीट आला की माणूस गोळी बंद करतो. आकडा गोळीमुळेच नीट आला, हे दर भेटीत सांगावे लागते. ‘गोळीची सवय लागते’ ही भीती दुसरी. तिसरे कारण औषध संपण्याचे. एकदा खिडकीवरून रिकाम्या हाताने परतलेला रुग्ण, मजुरी बुडवून, सहसा पुन्हा येत नाही.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची पद्धत साधी होती: सर्वांना ठरलेल्या क्रमाने मोजकीच औषधे, महिनाभराची गोळी एकदम, जवळच्या उपकेंद्रावर पुन्हा भरून घेण्याची सोय, आणि तारीख चुकवणाऱ्याला फोन. औषधांचे प्रकार कमी असले की साठ्याचा अंदाज बरोबर येतो.

बीड आणि नगर भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर पाच-सहा महिने बाहेर असतात. त्यांना निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि औषधाचे नाव-मात्रा लिहिलेले कार्ड देणे हा व्यवहार्य उपाय आहे.

मधुमेहाच्या रुग्णाने ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन एकादशी-नवरात्राचा कडक उपवास धरला तर साखर धोकादायकरीत्या उतरते. उलट साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात ती चढते. मात्रा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यावी आणि खिशात साखर ठेवावी. वारीला जाणाऱ्यांनी रोज मुक्कामी तळपाय पाहावेत. बधिर पायाला फोड कळत नाही.

फ्रीज नसलेल्या घरात वापरातले इन्शुलिन ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात, पिशवीत बांधून ठेवता येते. उघडलेली बाटली ३० अंशांखाली साधारण ४ आठवडे चालते. फ्रीज असेल तर दाराच्या कप्प्यात ठेवावे; बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी फेकून द्यावे.