'टु-गेट-हर'ची फोड आली कुठून?

सांगली-साताऱ्याकडच्या मराठी शाळेत शिकलेल्यांना 'टुगेदर'चं स्पेलिंग विचारा, बरेच जण 'टु-गेट-हर' म्हणूनच सांगतील. पाठांतराला ही फोड झकास, पण ती ना उच्चाराची, ना अर्थाची. इंग्रजी इथं नवखी नाही. सांगलीचं विलिंग्डन कॉलेजच १९१९ चं. खेड्यातल्या मराठी शाळेत मात्र २००० पर्यंत ती पाचवीत भेटायची. तोवर बाराखडी पक्की झालेली. मग लांबलचक शब्द दिसला की देवनागरीत उतरवायचा आणि घोकायचा.

शब्द कुठं तोडावा यावर खुद्द इंग्रजीतही एकमत नव्हतं. इंग्लंडच्या टॉमस डिलवर्थच्या १७४० च्या स्पेलिंगच्या पुस्तकात जुनी रीत होती: दोन स्वरांमधलं व्यंजन पुढच्या स्वराला द्यायचं. त्या हिशेबानं 'बिशप' बी-आयपाशी तुटतो, आणि पोरगं साहजिकच 'बाय' वाचतं. कोशकार नोआ वेब्स्टरनं १७८३ मध्ये अमेरिकेत ही तोडणी उच्चारावर आणली: बी-आय-एस-एच एकीकडे, ओ-पी दुसरीकडे. ब्रिटिश छापखाने मात्र ओळीच्या शेवटी शब्द तोडताना व्युत्पत्तीकडे अधिक बघत राहिले. म्हणून 'नॉलेज'मधला एल तिकडे खालच्या ओळीत जातो, अमेरिकेत वरच राहतो.

अर्थाची तोडणी आणखी निराळी. 'हेलिकॉप्टर' उच्चारात हे-लि-कॉप-टर. पण १८६१ मध्ये फ्रेंचांनी तो जुळवला दोन ग्रीक तुकड्यांतून: 'हेलिको' म्हणजे मळसूत्री, 'प्टेर' म्हणजे पंख. 'कॉप्टर' असा तुकडा मुळात नव्हताच. आता 'क्वाडकॉप्टर', म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, शेतात फवारणी करतो, त्याला कोण अडवणार?

खरं तर या दोन्ही तोडण्या आपल्या पोरांना मराठीच्या तासाला भेटतात. 'सत्य'मधला 'स' गुरू धरतात, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. लिहिताना स-त्य, म्हणताना सत्-त्य. ही झाली उच्चाराची तोडणी, फक्त ती वृत्तांच्या धड्यात अडकून पडली आहे. अर्थाची उपसर्ग-प्रत्ययांत सापडते: बे-जबाबदार-पणा. 'इरिस्पॉन्सिबिलिटी'चा सांगाडा अगदी हाच. पुढं नकाराचा 'इर', मधे 'रिस्पॉन्सिबल', मागं 'पणा'च्या जागी 'इटी'. जोडताना 'बल'चं 'बिल' होतं, तेवढाच फरक. पण इंग्रजीच्या तासाला हा शब्द फळ्यावर सलग उतरतो, शेजारी मराठी अर्थ, आणि खाली सूचना: दहा वेळा लिहून आणा.