स्लीव्ह की बायपास? वहिनींच्या दोन उशांची गोष्ट

"रात्री उशा किती घेता?" सर्जननी वहिनींना विचारलेला हा पहिला प्रश्न. घोडबंदर रोडवरच्या त्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो होतो, दादा, वहिनी आणि मी. मांडीवर रिपोर्टची फाइल आणि डोक्यात एकच हिशेब, वजन उतरवायच्या ऑपरेशनांपैकी कोणत्यानं किती किलो उतरतात, जठर अरुंद करणाऱ्या स्लीव्हनं की जठराला वळसा घालणाऱ्या बायपासनं. वहिनी जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "दोन. एका उशीवर झोपलं की घशाशी आंबट येतं."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. निम्मा निर्णय तिथंच झाला होता, हे आम्हाला तीन आठवड्यांनी समजलं.

वहिनींचं वजन तेव्हा ९८ किलो होतं, उंची १५७ सेंटिमीटर. नऊ वर्षांचा मधुमेह, दोन गोळ्या, रात्रीचं इन्सुलिन, आणि तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.९. नौपाड्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. ठाणे स्टेशनच्या पुलावर त्या मधेच थांबून मोबाइल बघायच्या. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. ऑपरेशनचं धाडस त्यांना आलं ते खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. काकूंनी दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह करून घेतली होती, ३४ किलो उतरले होते. "तूही स्लीव्हच कर, सोपी असते," असं त्यांनी मनापासून सांगितलं होतं. सांगण्यात काही खोट नव्हती. फक्त काकूंना ॲसिडिटी कधीच नव्हती.

ऑपरेशन कुणासाठी, हा मुद्दा आधी उरकतो. वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो, वहिनींचा ४० च्या किंचित खाली होता. जगभर बरीच वर्षं ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५, ही रेषा मानली गेली. २०२२ मध्ये वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली आणि आशियाई लोकांना २७.५ पासूनच हा पर्याय द्यावा असं म्हटलं. यामागचं कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे काटा कमी दाखवतो तेव्हाही पोटात चरबी साठलेली असते आणि साखर लवकर बिघडते. विम्याचं गणित मात्र अजून जुन्या रेषेवरच आहे. २०१९ मध्ये ठरलेल्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० हवा, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास हवा. वहिनी या दुसऱ्या अटीत बसल्या.

आता स्लीव्ह म्हणजे काय ते बघू. जठर ही एक पखाल आहे असं समजा, जेवण येईल तशी सैल होत जाणारी. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये तोंडातून एक जाड नळी जठरात उतरवतात, तिच्या कडेनं स्टेपलर चालवतात आणि पखालीचा फुगणारा भाग, सुमारे ७५ ते ८० टक्के, कापून शरीराबाहेर काढतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत, वाट तीच राहते.

नुसतं पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो असं वाटतं, पण तेवढंच नाही. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक सापडलं. भुकेची वर्दी मेंदूला तेच देतं, आणि ते मुख्यतः बनतं स्लीव्हमध्ये काढून टाकतात त्याच भागात. उलट नुसतं डाएट करून वजन उतरवलं की रक्तातलं घ्रेलिन वाढतं. हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. वीस वर्षं त्यांना घरच्यांनी, पाहुण्यांनी, अगदी बसमधल्या अनोळखी बाईनंही तोंडावर ताबा ठेवायला सांगितलं होतं. ताबा ठेवला की शरीर भूक वाढवतं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

स्लीव्हचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती आधी स्वतंत्र ऑपरेशन नव्हतीच. फार वजनाच्या रुग्णांना मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नसे, म्हणून त्याचा पहिला टप्पा म्हणून ती करत. काहींचं वजन पहिल्याच टप्प्यात एवढं उतरलं की दुसऱ्याची गरज पडली नाही. आज जगात सर्वांत जास्त होणारं वजनाचं ऑपरेशन तेच आहे.

मग वहिनींना का नको? पिशवीत पाणी ओतलं तर पिशवी फुगते, नळीत ओतलं तर पाणी वर चढतं. स्लीव्हनंतर जठराच्या खालच्या टोकाची झडप तशीच घट्ट असते, फुगणारा भाग गेलेला असतो, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि आम्ल अन्ननलिकेकडे ढकललं जातं. फिनलंडमधल्या स्लीव्हपास या चाचणीत २४० रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. दहा वर्षांनी तपासलं तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना होती, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना. वहिनींच्या एन्डोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, ही सूज ऑपरेशनच्या आधीच दिसली, शिवाय जठराचा वरचा भाग छातीत थोडा सरकलेला, म्हणजे हायटस हर्निया. दोन उशांचा अर्थ तो होता.

एन्डोस्कोपी न करताच स्लीव्हची तारीख देत असतील तर मी तरी माझ्या माणसाला तिथून उठवून आणेन.

बायपासची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं की अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या बायकांचं वजन पुढे वाढत नाही. त्यावरून १९६० च्या दशकात त्यांनी वजनासाठी पहिले बायपास केले. आतड्याची जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी करण्याची पद्धत त्याहून जुनी, स्विस सर्जन सेझार रू यांची. म्हणून पूर्ण नाव रू-एन-वाय बायपास.

आमच्या सर्जननी ती प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर काढून दाखवली. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची थैली वेगळी करतात, म्हणजे दोन मोठे चमचे. उरलेलं जठर काढत नाहीत, ते आत तसंच राहतं, फक्त अन्न तिथं जात नाही. लहान आतडं थोडं पुढं कापून त्याचं टोक थैलीला जोडतात. जठर, पित्त आणि स्वादुपिंडाचे रस आणणारा दुसरा फाटा शंभर-दीडशे सेंटिमीटर खाली येऊन मिळतो. छोट्या थैलीत आम्ल जेमतेम, पित्त लांब. त्यामुळे घशाशी येण्यासारखं वर काही फारसं उरत नाही.

साखरेवरचा परिणाम तर विलक्षण आहे. अनेक रुग्णांची साखर वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच खाली येते. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सुटतं. ते इन्सुलिनला जागं करतं आणि भूक शमवतं. सध्या ज्यांच्याबद्दल सगळीकडे बोललं जातं ती वजनाची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात. तरीही अपेक्षा मोजून ठेवाव्यात. क्लीव्हलंडच्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपासनंतर २९ टक्के होते, स्लीव्हनंतर २३ टक्के, नुसत्या औषधांवर ५ टक्के. म्हणजे दोन ऑपरेशनांत फरक थोडा, ऑपरेशन आणि औषधं यांत मोठा. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितकं आधी सुरू झालेलं, तितकी तो पूर्ण ओसरण्याची शक्यता कमी. वहिनींना हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं याचं मला बरं वाटलं.

मिनी बायपासबद्दलही विचारणा होते. त्यात जठराची लांबट नळी करून आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात. वेळ कमी लागतो, वजन बायपासइतकंच उतरतं. पण पित्त थैलीच्या तोंडाशी येतं, आणि वगळलेलं आतडं जास्त लांबीचं असेल तर पोषणाच्या तक्रारी वाढतात. ज्याला आधीच जळजळ आहे त्यानं याचा विचार जपून करावा. जठराभोवती आवळायचा पट्टा आता मागे पडला आहे. जठर लहान करून आतड्याचा बराच भाग वगळणारं ड्युओडेनल स्विच हे ऑपरेशन सर्वांत ताकदवान, पण कुपोषणाचा धोकाही त्यात सर्वाधिक. गिळायचा किंवा जठरात ठेवायचा फुगा काही महिन्यांत काढावा लागतो किंवा आपोआप बाहेर पडतो, आणि वजन बहुधा मागोमाग परत येतं. इंजेक्शनांची गोष्ट वेगळी. टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, पण इंजेक्शनं थांबवली की बरंचसं परत चढतं. ज्यांना ऑपरेशनची भीती आहे त्यांनी हा पर्याय डॉक्टरांशी आधी बोलावा, यात कमीपणा काही नाही.

बायपासची किंमत स्वयंपाकघरात मोजावी लागते. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात शोषलं जातं, आणि अन्न नेमकं तिथून जात नाही. बी-१२ शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो, तोही कमी पडतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ आधीच तळाला असतं. म्हणून गोळ्या जन्मभर, हा वैद्यांचा सल्ला नसून या ऑपरेशनचाच भाग आहे. स्लीव्हलाही गोळ्या लागतात, थोड्या कमी.

प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. वहिनींनी डायनिंग टेबलावर वही मांडली आणि पहिल्याच दिवशी उपासाची साबुदाणा खिचडी खोडली. तिच्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं जवळजवळ नाहीत. एकादशीला आता पनीर आणि दही असतं. गोडाची शिस्त शरीरच लावतं. बायपासनंतर साखर वेगानं आतड्यात उतरली की घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. याला डम्पिंग म्हणतात. गणपतीत अख्खा उकडीचा मोदक खाल्ल्यावर वहिनी अर्धा तास पलंगावर आडव्या होत्या.

आणखी एक. बायपासनंतर अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत आणि तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. ज्याचे गुडघे रोज गोळी मागतात किंवा ज्याला तंबाखू सुटत नाही, त्याच्यासाठी स्लीव्ह अधिक सुरक्षित ठरू शकते. ज्यांना वेळेवर गोळ्या घेणं आणि तपासण्या करणं खरंच जमणार नाही, त्यांच्यासाठीही. ॲसिडिटी नसलेल्या काकूंची निवड त्यांच्यापुरती बरोबरच होती.

धोका दोन्हींत आहे. स्टेपलरच्या रेषेतून गळती, रक्ताची गुठळी, बायपासनंतर कधी वर्षानुवर्षांनी आतडं आतल्या फटीत अडकणं. पोटात अचानक कळ आली तर अपचन समजून ओवा खात बसू नये. ऑपरेशनआधी दोन आठवडे जवळजवळ द्रव आहारावर ठेवतात, तेही धोका कमी करण्यासाठीच. चरबीनं सुजलेलं यकृत जठरावर झाकणासारखं पसरलेलं असतं, ते आक्रसलं की सर्जनला नीट दिसतं.

शेवटच्या भेटीत वहिनींनी विचारलं, "भावजी, तुमच्या वाचनात बायपास उलटा करता येतो का?" अवघड असतं, पण अगदी अशक्य नाही, असं मी म्हटलं. स्लीव्हमध्ये कापलेलं जठर मात्र परत येत नाही. त्यांनी बायपासच्या कागदावर सही केली.

याला आता चौदा महिने झाले. वजन ७१, एचबीए१सी ६.३, इन्सुलिन बंद, एक गोळी अजून चालू. उशी एक. गेल्या महिन्यात लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मात्र खाली आलं. जेवणावरचा चहा आता तासभर पुढे गेलाय, आणि लोहाची गोळी दुपारी, कॅल्शियमची रात्री, कारण दोन्ही एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. फ्रीजवरच्या चुंबकाखाली वहिनींनी तारीख लावून ठेवली आहे.