सागवान आहे, म्हणजे बाहेर काळजी नाही?

महाबळेश्वर-पाचगणीकडे घराच्या बाहेरच्या भिंतीला फळ्या लावायच्या म्हटलं की एकच सल्ला मिळतो: सागवान घ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. हे अर्धंच खरं आहे.

कीड आणि बुरशी रोखणारी द्रव्यं सागाच्या गाभ्यात असतात. कडेच्या फिकट, पांढरट लाकडात ती जवळजवळ नसतात. कमी वयाच्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग बराच निघतो, आणि तोच आधी कुजतो. म्हणून वखारीत फळीच्या दोन्ही कडा आणि मागची बाजू बघा. पांढरी पट्टी असेल तर कापून टाका, नाहीतर फळी नाकारा.

गाभ्याचं लाकूडही नीट बसवलं नाही तर वाया जातं. फळी थेट भिंतीला ठोकली की मागे ओल कोंडते. आधी उभ्या पट्ट्या मारून फळीमागे किमान २० मिमी पोकळी ठेवा, ती खाली-वर उघडी, जाळी लावून. जमिनीपासून २०० मिमी अंतर सोडा. उसळणारं पाणी खालची टोकं कुजवतं. कापलेली टोकं सर्वात जास्त पाणी पितात, फळी लावण्याआधीच ती सीलरने, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाने, बंद करा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, साध्या खिळ्यांभोवती काळे डाग पडतात.

बजेट कमी असेल तर दाबाखाली कीड-बुरशीरोधक औषध मुरवलेलं पाइन पांढरा भाग जास्त असलेल्या कोवळ्या सागापेक्षा बरं. नुसतं ब्रशने लावलेलं औषध खोल मुरत नाही. जत-आटपाडीकडे पाऊस थोडा, तिथे उन्हाने चिरा पडणं हीच मोठी अडचण. अरुंद, नीट वाळवलेल्या फळ्या घ्या.