मूल स्वतःला इजा करून घेत असेल तर

(कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मेसमध्ये जेवणारी मुलं आणि गावाकडचे त्यांचे आईबाबा, दोघांसाठी)

या महिन्याच्या बिलासोबत हा कागद जोडलाय. दरवाढीचा नाही, घाबरू नका.

गेल्या उन्हाळ्यात नीटच्या तयारीसाठी आलेली एक मुलगी रोज पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायची. एप्रिलचा उकाडा, सगळी पोरं पंख्याखालची जागा धरायची, आणि ही हात धुताना बाही भिजली तरी वर सारायची नाही. एक दिवस आमटी वाढताना बाही सरकली आणि मला खुणा दिसल्या. चारचौघांत मी काही बोलले नाही. पोरं गेल्यावर तिच्यापुढं ताकाचा पेला ठेवला, शेजारी बसले आणि विचारलं, "बाळा, फार जड झालंय का गं?" ती कितीतरी वेळ रडली. आज ती उपचार घेतेय. तिला विचारूनच हे लिहिलंय.

त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतलं. अशी सगळीच मुलं मरायला निघालेली नसतात. आतला कोंडमारा सोसेनासा होतो आणि शरीराच्या दुखण्यानं तो घटकाभर दबतो. मग लाज वाटते, ती लपवायची धडपड होते आणि पुन्हा तेच. "नाटकं करतोय" हे तर अजिबात खरं नाही. बहुतेक मुलं जिवापाड लपवतात. पण हलक्यातही घेऊ नका. अशा मुलांमध्ये पुढं आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणून "जीव नकोसा होतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

आईबाबांना हात जोडून एक सांगणं: शपथ घालू नका. "माझ्या गळ्याची शपथ, परत असं केलंस तर" म्हटलं की मूल थांबत नाही, फक्त जास्त लपवतं, आणि शपथ मोडल्याचं ओझं वर चढतं. खोलीची झडती घेणं, मोबाईल काढून घेणं, पाहुण्यांना सांगणं, यानंही तेच होतं. खुणांपेक्षा दुःखाबद्दल विचारा. मार्कांचा विषय त्या दिवशी नको.

मदत कुठं मिळेल? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. समोर बसून बोलायचं तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गावाकडं उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक'ची चौकशी करा, ते १० ते १९ वयाच्या मुलांसाठीच असतं. "उद्या लग्नात आडवं येईल" ही भीती आम्ही बऱ्याच आयांकडून ऐकली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलंय. जिवाला धोका वाटला तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका; १०८ किंवा ११२ लावा.

पोरांनो, तुमच्या मैत्रिणीनं किंवा मित्रानं "कुणाला सांगू नकोस" म्हटलं असेल तरी एका मोठ्या माणसाला सांगा. ती चुगली नव्हे.

मेस रात्री दहाला बंद होते, पण आम्ही वरच्याच मजल्यावर राहतो. बेल वाजवा. जेवण उरलेलं असतं.