दिवसाही दिवा लागणाऱ्या खोलीसाठी उजेडाची नळी

साताऱ्याच्या पेठांमधली घरं तुमच्या पाहण्यातली आहेत. रस्त्याकडे तोंड जेमतेम पंधरा फुटांचं, घर आत लांबच लांब आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली. पुढची खोली लख्ख, परसदारी ऊन. पण मधलं माजघर, जिना आणि देवघर भर दुपारी बाराला बटण दाबल्याशिवाय दिसत नाही. नव्या रो-हाउसचीही तीच गत, फक्त तिथे माजघराला ‘डायनिंग’ म्हणतात.

जुन्या माणसांनी यावर उपाय काढलेला होता. कौलारू घरात मध्येच एखादं काचेचं कौल, धाब्याच्या घराला साणं, म्हणजे छतात ठेवलेलं उजेडाचं भोक. स्लॅब आला आणि दोन्ही गेलं. आम्ही बसवतो ती ट्यूब स्कायलाइट म्हणजे तेच साणं, वरून झाकलेलं आणि आतून आरशाचं. आमचे गवंडी तिला ‘उजेडाचा पाइप’ म्हणतात.

गच्चीवर एक पारदर्शक घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकाकणारी ॲल्युमिनियमची नळी आणि खोलीच्या छताला दुधी झाकण. घुमटात शिरलेला प्रकाश नळीच्या भिंतींवर आपटत खाली येतो आणि झाकणातून खोलीभर पसरतो. वायर नाही, मोटर नाही. सगळी करामत त्या आतल्या चकाकीत आहे. नळी ९८ टक्के प्रकाश परत फेकणारी असेल, तर दहा वेळा आपटूनही सुमारे ८२ टक्के उजेड खाली पोचतो. ९५ टक्क्यांची असेल तर ६० उरतो. ८५ टक्क्यांची असेल तर फक्त २०. म्हणून कुणी साध्या पत्र्याची नळी वळून ‘हेच ते, निम्म्या किमतीत’ म्हणत असेल, तर आधी हे गणित त्याच्यापुढे ठेवा. नळी जितकी लांब आणि वाकडी, तितकं आपटणं जास्त. त्यामुळे सरळ आणि आखूड नळीसारखं दुसरं काही नाही.

सूर्याच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. डिसेंबरातही साताऱ्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ४९ अंशांवर असतो आणि १० मेच्या आसपास तर तो बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे तो कुणाला दिसतो! साधारण दहा इंची नळी दहा बाय दहाच्या खोलीला पुरते. हॉल मोठा असेल तर चौदा इंची घ्यावी किंवा दोन लहान. पावसाळी झाकोळात बाहेरचाच उजेड दहाव्या हिश्श्यावर, कधी त्याहूनही खाली येतो, तेव्हा आतही तेवढाच कमी होणार. डाळ-तांदूळ निवडायचं काम असेल तर त्या दिवशी दिवा लावावाच लागेल. रात्री तर लागेलच. पौर्णिमेला छतावर एक फिकट चकती दिसते, ती शोभेपुरती.

गळणार का? पहिला प्रश्न हाच येतो आणि तो रास्त आहे. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत एका घरात आम्ही मे महिन्यात स्लॅबला भोक पाडलं, नळी बसवली आणि कडेने भरपूर सिलिकॉन भरून निघून आलो. जुलैत देवघरात देवांवरच अभिषेक सुरू झाला. चूक पूर्ण आमची होती. ऊन-पावसात स्लॅब आणि पत्रा एकाच प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, आणि नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर राहिलं की फट पडते. ते काम आम्ही पदरच्या पैशाने पुन्हा केलं.

तेव्हापासून नियम एकच: भोकाभोवती गच्चीच्या तयार पातळीपासून किमान सहा इंच उंच काँक्रीटचा कठडा, तळाशी कोपऱ्यात गोलाई, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर कठड्याच्या माथ्यापर्यंत चढवलेला, आणि घुमटाची पत्र्याची टोपी कठड्याच्या बाहेरून खाली उतरलेली. मग गच्चीवर ४८ तास पाणी तुंबवून ठेवतो. तुम्ही खाली छताला हात लावून बघायचा, मगच उरलेले पैसे द्यायचे. आपल्या जिल्ह्यात दहिवडीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर महाबळेश्वरला त्याच्या दहापट. महाबळेश्वर, पाचगणी, कोयनेकडे आम्ही कठडा नऊ इंचांचा करतो आणि नळीचे सांधे जास्त काळजीने बंद करतो, कारण तिथल्या धुक्यात आतून घाम धरतो.

स्लॅब हातोड्याने फोडत नाही, कोअर कटिंग मशीननेच कापतो. दहा इंची भोकात एक-दोन सळया तुटतातच. म्हणून बीम, कॉलम आणि बाहेर झुकलेली गॅलरी यांच्या वाटेला आम्ही जात नाही, आणि इंजिनिअरने जागा दाखवल्याशिवाय मशीन लावत नाही. घर बांधायचं चाललं असेल, तर स्लॅब टाकायच्या आधी सांगा. शटरिंगवर एक गोल साचा ठेवला की पुढची सगळी कापाकापी टळते.

कौलारू आणि पत्र्याच्या छतावर काम सोपं असतं. पण गोठा, गोदाम किंवा दुकानाची मागची बाजू असेल तर आमची नळी घेऊ नका. एक पारदर्शक पत्रा बसवा, काम भागतं. राहत्या खोलीत त्याच पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसून बघा, म्हणजे बंद नळीतून उष्णता कमी येते याचं महत्त्व कळेल.

पैशाचं स्पष्ट बोलू. विजेचं बिल वाचवायला हे बसवू नका. दहा वॉटचा एलईडी रोज दहा तास जळला तरी वर्षाला ३६ युनिटच होतात, म्हणजे सामान्य घराच्या दराने शे-चारशे रुपये. त्यातून नळीची किंमत निघायला आमची हयात जाईल. हे घ्यायचं ते ज्या खोलीत आई-आजी दिवसभर वावरतात तिथे खरा उजेड हवा म्हणून, आणि लाइट गेली तरी जिन्याच्या पायऱ्या दिसाव्यात म्हणून.

वानरांबद्दल वाईचे ग्राहक हटकून विचारतात. घुमट पॉलिकार्बोनेटचा असतो. वानर त्यावर बसतं, ठोकूनही बघतं, पण तो सहसा फुटत नाही. माण-खटावकडे धूळ जास्त, तेव्हा उन्हाळ्यात महिन्याला एकदा ओल्या मऊ फडक्याने पुसा. घासणी आणि थिनर बिलकुल नको, घुमट कायमचा आंधळा होतो. झोपायच्या खोलीसाठी आत झडप मिळते. ती घ्याच, नाहीतर सहा वाजता सूर्य उठवतो.

वरच्या मजल्यावर दुसऱ्याचं बिऱ्हाड असेल तर आमचा नाइलाज आहे. अपार्टमेंटमध्ये सर्वांत वरच्या मजल्यालाच जमतं, आणि गच्ची सोसायटीची असल्याने आधी त्यांची लेखी परवानगी लागते. वर तुमचीच खोली असेल, तर तिथल्या कपाटाच्या कोपऱ्यातून नळी खाली नेता येते.

बोलावण्याआधी एवढं करून ठेवा: दुपारी बारा वाजता सगळे दिवे बंद करून त्या खोलीत वर्तमानपत्र वाचून बघा. मथळा आणि बारीक मजकूर दोन्ही वाचता आले, तर तुम्हाला नळी नको, भिंतींना पांढरा रंग पुरेल. नाहीच वाचता आले, तर छतापासून गच्चीपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. जून ते सप्टेंबर आम्ही कुणाच्याही स्लॅबला भोक पाडत नाही, कितीही घाई असली तरी. मापं घ्यायला मात्र तेव्हाही येतो.