मातेचा फेनिलकीटोन्युरिया

आईला फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात चयापचय विकार असताना तिच्या रक्तात साठलेल्या फेनिलॲलनिनमुळे पोटातल्या गर्भाला होणारी इजा. मुलाला स्वतःला हा विकार बहुधा नसतो. आईकडून एक सदोष आणि वडिलांकडून एक निरोगी जनुक त्याला मिळालेले असते. तरीही ते लहान डोक्याचे, बौद्धिक अक्षमता असलेले, कधी हृदयदोष घेऊन जन्मते. विकार आनुवंशिक असला, तरी गर्भाच्या बाजूने पाहता ही विषबाधाच म्हणायची. गर्भ राहण्याआधी आईचा विकार ओळखता आला, तर ती बव्हंशी टळते.

फेनिलॲलनिन हे प्रथिनांतले अमिनो आम्ल. त्याचे टायरोसिनमध्ये रूपांतर करणारे यकृतातले एंझाइम या विकारात निकामी असते. नॉर्वेतील एक आई आपल्या दोन मुलांच्या अंगाला येणाऱ्या विचित्र वासाचे कारण शोधत डॉक्टरांचे उंबरे झिजवत होती. १९३४ मध्ये आस्ब्यर्न फॉलिंग यांनी त्या मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, ती हिरवी झाली आणि विकार सापडला. १९५०च्या दशकात होर्स्ट बिकेल यांनी बर्मिंगहॅममध्ये कमी फेनिलॲलनिनचा आहार योजला. पुढच्या दशकात अमेरिकेतील बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांनी, कागदावर टिपलेल्या टाचेच्या रक्तावरून नवजात बाळांची तपासणी शक्य केली.

या यशातूनच नवा प्रश्न उभा राहिला. तपासणीमुळे वाचलेल्या मुली शिकल्या, संसाराला लागल्या. मेंदूची वाढ झाली की पथ्य नको, या तेव्हाच्या समजुतीने अनेकींचा आहार शाळकरी वयातच सुटला होता. लेन्के आणि लेव्ही या संशोधकांनी १९८० मध्ये पाचशेहून अधिक गर्भारपणांचा आढावा मांडला. ज्या मातांच्या रक्तात दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅम किंवा अधिक फेनिलॲलनिन होते, त्यांच्या ९२ टक्के मुलांत बौद्धिक अक्षमता, ७३ टक्के मुलांत लहान डोके आणि १२ टक्के मुलांत हृदयदोष आढळला.

वार (प्लॅसेंटा) अमिनो आम्ले गर्भाकडे ओढून घेते, त्यामुळे गर्भाच्या रक्तातली पातळी आईपेक्षाही वर जाते. हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडते. दिवस गेल्याचे अनेकींच्या लक्षात येते तोवर त्यातले बरेचसे उलटलेले असतात. म्हणून पातळी लिटरला १२० ते ३६० मायक्रोमोलच्या (डेसिलिटरला सुमारे २ ते ६ मिलिग्रॅमच्या) आत आणायची ती गर्भधारणेपूर्वी, आणि प्रसूतीपर्यंत वरचेवर रक्त तपासून ती टिकवायची.

पथ्यावर असलेली स्त्री डॉक्टरांच्या नजरेत असते. लहानपणी निदान होऊन पुढे उपचार सुटलेल्या स्त्रीला जुन्या नोंदींवरून शोधावे लागते, आणि तोवर लग्नाने आडनाव व पत्ता दोन्ही बदललेले असतात. सर्वांत अवघड म्हणजे कधीच तपासणी न झालेली. सौम्य प्रकारात ती चारचौघींसारखीच दिसते. एकामागून एक लहान डोक्याची मुले झाली की मुलांच्या तपासण्या होतात, आईचे रक्त मात्र कोणी घेत नाही. खरे तर फेनिलॲलनिनची एक साधी चाचणी पुरते.

भारतात देशव्यापी नवजात तपासणी नसल्याने इथली प्रौढ रुग्ण बहुधा याच शेवटच्या गटात मोडते. गोव्याने २००८ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला होता. मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यातल्या लग्नात पतीही वाहक, म्हणजे एक सदोष जनुक बाळगणारा, असण्याचा संभव वाढतो, आणि तसे असल्यास प्रत्येक मुलाला मूळ विकार होण्याची शक्यता ५० टक्के असते. शिवाय पथ्य घरच्या रीतीच्या अगदी उलट: डाळ, दूध, पनीर बंद, पोळीसुद्धा मोजून. साबुदाण्यात प्रथिने नगण्य असल्याने तो चालतो, पण खिचडीतले दाण्याचे कूट नाही. प्रथिनांची गरज फेनिलॲलनिनविरहित खास मिश्रणातून भागवावी लागते. ‘दोन जिवांची आहेस, दूध पी’ म्हणणाऱ्या सासूला हे पटवणे हाही उपचाराचाच भाग.

इतर काही चयापचय विकारांतही आई अशीच नजरेआड राहते. ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज या, अमोनियाचा निचरा करणाऱ्या एंझाइमच्या कमतरतेची वाहक स्त्री एरवी ठणठणीत असते, पण प्रसूतीनंतरच्या दिवसांत तिच्या रक्तातला अमोनिया एकाएकी वाढू शकतो. चरबीपासून ऊर्जा मिळवायला लागणारे कार्निटिन पेशींत शोषले न जाण्याच्या विकारात तर नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तात कार्निटिन कमी दिसते, बाळ निरोगी निघते आणि विकार सापडतो तो आईत.